वारा आमचा, खांब कुणाचे?

घाटकोपरच्या डोंगरउतारावर एक बालवाडी होती. रविवारी ती रिकामी असायची, म्हणून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आमच्या ग्रामस्थ मंडळाची सभा तिथे भरायची. भिंतीवर ‘क’चं कमळ, ‘ख’चा खटारा, आणि त्यांच्याखाली गुडघ्याएवढ्या बाकांवर अंग चोरून बसलेले चाळिशी-पन्नाशीतले बापे. गाव तळकोकणात, पण गावाचा कारभार इथून. देवळाला कुठला रंग द्यायचा, विहिरीचा रहाट कुणाकडून दुरुस्त करून घ्यायचा, शिमग्याला ढोल नवा आणायचा की जुनाच मढवायचा, हे सगळं घाटकोपरला ठरायचं. गावात राहणारे ठरलेलं फक्त भोगायचे.

मी या मंडळाचा चिटणीस होतो. वय अठ्ठावीस, राहायला मुलुंडला, नोकरी विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समनची. अक्षर सुवाच्य आणि लग्न व्हायचं होतं, म्हणून चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं. इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. इतिवृत्तात मी ‘साधकबाधक चर्चा झाली’ असं लिहिलं असेल, तर समजायचं की कुणीतरी कुणाचा बाप काढला होता.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला होता. आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे समुद्राकडच्या त्या उघड्याबोडक्या कातळावर, सरकारने पवनचक्क्या उभ्या केल्या. आम्हा मुंबईकरांना याचा भारी अभिमान वाटला. कारखान्यात मी आठवडाभर त्याच गप्पा मारत होतो. जणू सड्यावर वारा मीच सोडला होता.

पण चक्क्यांची वीज निघाली ती तारांवरून थेट तालुक्याकडच्या मोठ्या लाइनला जाऊन मिळाली. वाटेत आमच्या दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची. वीज त्यांच्या डोक्यावरून गेली. खाली रॉकेलचे दिवे तसेच.

“वारो आमचो, सडो आमचो, आणि काळोख पण आमचोच?” अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष खालच्या वाडीचे, पूर्वी गिरणी कामगार, संपानंतर घरीच. भजनाची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा सामना, गाजवलेला माणूस. साधं ‘चहा सांगा’ म्हणायचे तरी मागे पखवाज वाजतोय असं वाटायचं.

खजिनदार वरच्या वाडीचे. ते गोरेगावच्या एका स्टुडिओत लाइटमन होते, त्यामुळे विजेबाबत मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. “अध्यक्षानू, ह्या लाइनला डायरेक्ट हात नाय लावता येत. डीपी लागतो, म्हंजे ट्रान्सफॉर्मर, खांब लागतात. डायरेक्ट टाकली ना, वाडीची वाट लागेल, झकास.” मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं की स्टुडिओत नायिकेचा पदर उडवायला एक मोठा पंखा असतो. “म्हंजे बघा यार, आम्ही वीज जाळून वारा काढतो, आणि तिकडे वारा घालून वीज काढतात. मधल्या मधे फुकट कोण? आपण!”

सगळ्यांना हे पटलं. नेमकं काय पटलं ते कुणाला सांगता आलं नसतं.

मला मात्र या विजेची गरज होती, आणि ती अभिमानासाठी नव्हती. माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाय म्हणतो, नवरा गेल्यावर माहेरी आमच्या घरात येऊन राहिली होती. खालच्या वाडीच्या अगदी टोकाचं घर. पीठ दळायला बायकांना नदीपलीकडच्या गावात जावं लागे, डोक्यावर तांदूळ घेऊन. बायने ठरवलं होतं की घराच्या पडवीत विजेवरची गिरण घालायची. आमच्या कारखान्यातून भंगारात निघालेली एक मोटर मी खटपट करून मिळवली आणि एसटीच्या टपावरून गावाला पाठवली. दोन पावसाळे ती मोटर पडवीत गोणपाटात गुंडाळून पडली होती. बाय तिला महिन्याला तेल घालायची. “मोटरीक रोज विचारतंय, बाये बरी मा?” असं तिने एकदा पत्रात लिहिलं, मला हसवायला. मला हसू आलं नाही. भावाकडे भाकरी मागायला लागू नये म्हणून ती हे सगळं करत होती, आणि ती तसं म्हणत नव्हती.

मंडळातर्फे मी वीज कचेरीला पत्र पाठवलं. अध्यक्षांनी मजकूर सांगितला: ज्या अर्थी वारा ग्रामस्थांचा आहे, त्या अर्थी खांबांचा खर्च वारा वापरणाऱ्याने द्यावा. खजिनदार म्हणाले, “वारा कुणाच्या सातबाऱ्यावर चढवलाय ते विचारतील ना ते.” अध्यक्ष म्हणाले, “आमची गुरां त्या सड्यार चरतत. त्यांच्या अंगावरसून जाता तो वारो आमचो.” मी गुरं गाळली, बाकी सगळं लिहिलं.

उत्तर आलं ते एका पानाचं आणि सभ्य होतं. वाऱ्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. चक्कीपासून मोठ्या लाइनपर्यंतचं काम सरकारने केलं आहे. लाइनपासून वाडीपर्यंतच्या खांबांचा हिस्सा जो पहिला अर्ज करील त्याने भरायचा. खांब उभे राहिल्यावर पुढे जे अर्ज करतील त्यांना फक्त आपल्या घरापर्यंतची तार घ्यायची.

हे पत्र मी मोठ्याने वाचलं. मग प्रत्येकाच्या चेहऱ्यावर हळूहळू तोच विचार उगवला, आणि मला तो डोळ्यांनी दिसला. पहिला भरणार, दुसरा फुकट. त्या दिवसापासून आमच्या गावात दोन्ही वाड्या मिळून झाडून सगळी घरं दुसरा अर्ज करायला तयार होती.

पाच महिने सभा झाल्या. “वरच्या वाडीची घरां लायनीक जवळ, पयलो अर्ज त्यांचो.” “खालच्या वाडीत घरं जास्त, फायदा त्यांना, पहिला अर्ज त्यांचा.” चुलीमागे, म्हणजे दर घरामागे, समान वर्गणी काढावी असं मी सुचवलं, तेव्हा खजिनदारांनी विचारलं की ज्याच्या घरी एकच बल्ब लागणार त्याने आणि ज्याच्या घरी गिरण लागणार त्याने सारखेच का द्यावे? प्रश्न रास्त होता आणि तो माझ्या बहिणीकडे बोट दाखवून होता, म्हणून मला राग आला. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘साधकबाधक चर्चा झाली.’

तेव्हा मी एक युक्ती केली. प्रामाणिकपणाने ही गाठ सुटत नाही हे पाहून केली, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला मजा येत होती.

आमच्याकडे पैशावरून माणसं वर्षानुवर्षं अडून बसतात, पण मानावरून एका रात्रीत घर विकतील. पालखीला पहिला खांदा कुणाचा, होळीला पहिला नारळ कुणाचा, यावर आज्या-पणज्यांपासून वाद चालत आलेले. पुढच्या सभेत मी अगदी सहज म्हणालो, “पत्रात एक राहिलं सांगायचं. पहिला अर्ज ज्या वाडीचा, पहिल्या खांबाला नारळ त्या वाडीने फोडायचा. तसा तो मान कायमचा त्यांच्याकडे जाईल, एवढंच.”

पत्रात असलं काही नव्हतं. वीज कचेरीला नारळाशी काय देणंघेणं?

अध्यक्ष ताठ झाले. खजिनदारांनी कपातला चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. “कायमचो म्हंजे?” अध्यक्षांनी विचारलं. “दर वर्षी खांबाची पूजा झाली तर त्याचासुद्धा,” मी म्हणालो.

पुढचं काही मला सांगायला नको. पाच महिने जे पहिला अर्ज दुसऱ्यावर ढकलत होते ते आता एकमेकांच्या हातातून तो ओढायला लागले. वरच्या वाडीने तिथल्या तिथे वर्गणीची यादी सुरू केली. खालच्या वाडीने बाजूच्या खोलीतून आणखी दोघांना उठवून आणलं. खजिनदार म्हणाले, “लाइन आमच्याकडून शिरते, मान आमचाच.” अध्यक्ष म्हणाले, “देव खालच्या वाडीत आसा, मान देवाच्या वाडीचो.” मी मनातल्या मनात टाळ्या पिटत होतो. पण दोन सभांनंतर लक्षात आलं की मी गाठ सोडवली नव्हती, उलटी बांधली होती. आधी कुणीच पहिला अर्ज करत नव्हतं, आता कुणी कुणाला करू देत नव्हतं. पडवीतल्या मोटरीच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

शेवटी ठरलं की आधी नकाशा काढायचा. खांब कुठून कुठे जाणार ते कळलं, तर पहिला खांब कुणाच्या हद्दीत ते आपोआप कळेल. ड्राफ्ट्समन कोण? मी.

हे काम मी मनापासून केलं, आणि त्यातच माझी गोची झाली. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या बोर्डावर ट्रेसिंग पेपर लावला, तलाठ्याकडून आलेल्या नकाशावरून वाड्या, पाणंद, ओढा सगळं उतरवलं. मोठ्या लाइनपासून आमच्या घरापर्यंत पट्टी ठेवली. सरळ रेघ काढली, तर ती बरोबर आमच्या कलमावरून जात होती.

हे कलम म्हणजे आमच्या परसातला हापूस. बाबांनी लावलेला वगैरे मी आता सांगू शकतो, पण त्या वेळी मला बाबा आठवले नाहीत. मला साहेब आठवले. दर वर्षी त्या कलमाच्या दोन पेट्या बाय माझ्याकडे पाठवायची, आणि त्यातली एक मी न चुकता आमच्या डिपार्टमेंटच्या साहेबांच्या घरी पोचवत होतो. माझी बढती त्या झाडाला लागली होती. अजून पिकायची होती, एवढंच.

मी रेघ पुसली. कलमाला वळसा घालून पलीकडून नवी काढली. दोन खांब वाढले. आणि ही रेघ वाकडी का, असं कुणी विचारू नये म्हणून कलमाच्या जागी खडकाची बारीक आडवी-तिडवी जाळी भरली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘कातळ’. खडकाची जाळी मी फार छान काढायचो. साहेबसुद्धा कौतुक करायचे.

सभेत नकाशा ‘ग’च्या गणपतीखाली टाचणीने लावला. सगळे जवळ जाऊन बघायला लागले. मला धाकधूक होती, पण ती फुकट गेली. त्या कलमावर यातल्या निम्म्यांनी लहानपणी दगड मारले होते. एकालाही ते आठवलं नाही. “कातळ आसा थंयसर, माका म्हायत आसा,” अध्यक्ष म्हणाले. खजिनदारांनी तर त्या कातळावर आपण कसे पडलो होतो आणि गुडघा कसा फुटला होता, तेही सांगितलं. वर्षातून आठ दिवस गावाला जाणारी आम्ही माणसं. गावाबद्दल बोलायला आम्हाला कुणाची परवानगी लागत नव्हती, आणि बोललेलं तपासायला गाव तिथे नसायचं.

आता वाढलेल्या दोन खांबांचे कुणी द्यायचे, यावर नव्याने सुरू झालं. त्या दोन खांबांवर अख्खी सभा गेली. माझ्या वाकड्या रेघेसाठी ते भांडत होते, आणि मी लिहून घेत होतो.

मे महिन्यात बाय मुंबईला आली. एसटीने रात्रभर बसून, आंब्याची पेटी मांडीवर घेऊन. दुसऱ्या दिवशी सभा होती. मी म्हटलं, “बाय, तू आराम कर. तिथे नुसते पुरुष असतात.”

“माका म्हायत आसा. म्हणून तर काम होईना,” ती म्हणाली आणि पायात चपला घातल्या. पेटीही बरोबर घेतली.

बालवाडीत तिला बघून बापे लोक जरा गडबडले. कुणी बाकावरून उठून सतरंजी झटकली, कुणी शर्टाचं बटण लावलं. तिने कुणाला बोलायला सवडच दिली नाही. पेटी उघडली, गवत बाजूला केलं, माझ्याकडून चाकू मागून घेतला आणि फोडी करून ताटल्या फिरवल्या. खोलीभर वास सुटला. वरची वाडी आणि खालची वाडी एकाच ताटलीतून खायला लागली. अध्यक्षांनी फोड चोखून डोळे मिटले. “ह्या घाटकोपरात देव इलो,” ते म्हणाले.

बाय तोवर नकाशापाशी गेली होती. तिला नकाशा वाचायची सवय नव्हती. बोटाने ओढा शोधला, मग पाणंद, मग आमचं घर. तिथून बोट मागे सरकवत आणलं आणि जाळी भरलेल्या जागेवर थांबवलं.

“ह्यो कातळ खयसून इलो?”

अध्यक्षही वाकून बघायला लागले.

“हंयसर आपला कलम मा रे?” तिने वळून मला विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. मी वही उघडली आणि मिटली.

खजिनदारांनी नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आपल्या गुडघ्याकडे. “तरी मी म्हणत होतो,” ते पुटपुटले. कधी म्हणत होते देव जाणे. अध्यक्षांना पुढचं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांचा आवाज चढला, “म्हंजे चिटणीसानू, तुमच्या झाडासाठी आमी दोन खांब जास्ती भरूचे?”

“भरू नकात,” बाय म्हणाली. “गेल्या महिन्यात वायरमन रेघ मारूक इलो होतो. सरळ दोरी धरल्यान, ती कलमावरसून गेली. तो म्हणालो, ह्या झाड नसता तर दोन खांब वाचतले. मगे मी इचार केलंय. अर्ज माझ्या नावान केलंय. पयलो. फळ उतरवलंय, आणि कलम तोडून इलंय.”

तिने पदराला हात पुसले.

“माझ्यान होता तितक्या मी भरलंय. आता बाकीच्या पैशाचा काय ता तुमी बघा. नारळ कोण फोडतलो तो फोडू दे. माका दळूक व्हया.”

“मग ह्ये आंबे...” खजिनदारांनी हातातल्या ताटलीकडे बघत विचारलं.

“त्याचेच. शेवटचे.”

कुणी फोड परत ठेवली नाही, कारण बहुतेकांची खाऊन झाली होती. अध्यक्षांच्या हातात कोय होती. ती कुठे टाकावी हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती धोतराच्या सोग्यात धरून ठेवली आणि कधी नव्हे ते साध्या आवाजात म्हणाले, “चुलीमागे समान. लिव रे.” वरच्या वाडीतून एकानेही बल्ब आणि गिरणीचा हिशेब काढला नाही. मी लिहायला घेतलं. ‘सर्वानुमते’ हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला होता, त्या दिवशी पहिल्यांदा तो खरा होता, आणि माझं अक्षर वाकडं आलं.

मुलुंडच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. रिकामी पेटी तिच्या मांडीवर होती. मी तीनदा तोंड उघडलं. विक्रोळीचा कारखाना मागे पडल्यावर एकदाचं म्हटलं, “बाय, माझं चुकलं. मी तो कातळ...”

“रे, माका थंयच समाजला,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “तू दर वर्षी एक पेटी कोणाक देतंस ता काय माका म्हायत नाय? म्हणूनच तर तुका न इचारता तोडलंय. इचारला असता तर तू नको म्हणालो असतंस, आणि मग माका तुझ्या मनाविरुद्ध तोडूचा लागला असता.”

तिने पेटीवरचं गवत झटकलं.

“साहेबाक पुढच्या वर्षी काजीचे गर दी,” ती म्हणाली. “आणि बढती नाय मिळाली तर दळूक ये.”